दीपमाळेचा दोर

दि. २४ ऑक्टोबर २०२५

चि. शंभुराज यास मायचा आशीर्वाद आणि शरणु शरणार्थ.

इकडं सगळं ठीक आहे. बसवंता बरा आहे. तुझी वहिनी बरी आहे, फक्त बोलायची थांबत नाही. सोयाबीन पाण्यात काळं पडलं, तूर उभी आहे. काल भाऊबीज झाली. पत्र बसवंताची ऋतुजा लिहायलीय. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. कॉलेजात जाते ना. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू "माय, रेंज न्हाई" म्हणतोस आणि कट करतोस. कागदाला रेंज लागत नाही.

आपल्या मंदिरापुढची दीपमाळ आता लय मशहूर झालीय. कुणीतरी मोबाईलवर टाकली, तेव्हापासून परभणी-नांदेडच्या पोरी नटूनथटून येतात आणि तिला पाठ टेकून फोटो काढतात. आपण जन्मभर तिच्या पाया पडलो, कुणी फोटो काढला नाही. आता मंदिर कमिटीला तिच्या इतिहासाची पाटी लावायचीय. काम ऋतुजाच्या गळ्यात पडलं. गावभर विचारत फिरली बिचारी. देशमुख म्हणाले, आमच्या पणज्यानं बांधली. जंगम म्हणाले, स्वामींनी एका रात्रीत उभी केली. वडाराची बायनाबाई म्हणाली, "रात्रीत? दगड व्हाता व्हाता आमच्या आज्ज्याची पाठ मोडली, अन् ह्यांची रात्रीत उभी ऱ्हायली!" मला बायनाबाईचं पटलं.

मी सांगितला तो इतिहास बांधणाऱ्याचा नाही, चढणाऱ्याचा. सासूबाईंच्या तोंडून ऐकलेला. रझाकारीच्या साली गावातले पुरुष सरहद्दीपलीकडं निघून गेलेले. त्रिपुरी पौर्णिमा आली तरी दिवे लावायला कुणी धजेना. तुझा आजा तेवढ्यासाठी परत आला. दिवे ठेवायचे जे दगडी हात आहेत, त्यांच्यावर पाय देत शेंड्यापर्यंत चढला. कमरेला दोर, दोराच्या खालच्या टोकाला तेलाची चरवी. वर पोचला की चरवी ओढून घ्यायची. खालचं काम सोपं वाटतं, पण तूच सांगायचास ना, दोर जास्त सोडला तर चरवी दगडावर आपटते आणि ताणला तर वरच्याचा तोल जातो. सासूबाई तेव्हा गरवार, पोटात लेकरू, म्हणून दोर धरला तुझ्या आज्याच्या आईनं. त्या साली एकच दिवा लागला, शेंड्यावरचा. तेव्हापासून शेंड्यावरच्या दिव्याचा मान आपल्या घराचा.

ऋतुजा म्हणाली, "आजी, दोर धरणाऱ्या त्या तर विधवा होत्या. मग दोर चढणाऱ्याच्या बायकोनंच धरायचा, हा नियम कुठून आला?" पोरीनं बरोबर जागी बोट ठेवलं. मागाहून कुणीतरी घुसडला, दुसरं काय.

आणि तोच तुझ्या आड आला. तुझी प्रियांका देवाघरी गेली त्या वर्षी कमिटीचा अध्यक्ष परमेश्वर म्हणाला, "खाली सवाष्ण न्हाई, तर शंभूनं वर कसं चढावं?" सख्ख्या भावानं, बसवंतानं, तुझ्या कमरेचा दोर सोडून आपल्या कमरेला बांधला. सगळ्या गावासमोर. तू बॅग उचललीस, ती अजून खाली ठेवली नाहीस.

वर 'बसवंता बरा आहे' असं लिहिलंय. ऋतुजा, ते खोडू नको, असू दे. पण ते खरं नाही.

मागच्या वर्षी तो अर्ध्यात अडकला. दगडाला मिठी मारून तसाच उभा. लोकांना वाटलं, भक्ती दाटून आली. खाली 'हर हर महादेव' सुरू! मी त्याच्या पोटऱ्या बघत होते. लटलट कापत होत्या. कसाबसा उतरला आणि म्हणाला, "वारा लय व्हता, दिवा टिकला नसता." झाडाचं पान हालत नव्हतं. शेंडा अंधारात राहिला आणि गाव प्रसाद खाऊन घरी गेलं. परभणीच्या डॉक्टरनं कानात दोष सांगितलाय, उंचावर चक्कर येते. गोळ्या पिठाच्या डब्यामागं लपवतो. हे ऋतुजालाही आत्ताच कळलं. पेन थांबलाय तिचा. लिही गं बाई, रडायला पौर्णिमेनंतर वेळ आहे.

यंदा गप बसेल म्हणलं, तर भर दुपारी मंदिर ओस पडलं की जाऊन चढायची सवय करायलाय. परवा मी बघितलं. पुरुषभर उंचीवर उभा होता, डोळे गच्च मिटून. हाक मारावी तर दचकून पडायचा. पदर तोंडात धरून उभी राहिले. उतरला तर समोर मी.

"माय, तू हितं काय करायलीस?"

"फोटो काढायला आले."

हसला नाही. मी म्हणलं, शंभूला बोलाव. म्हणाला, "कोण्या तोंडानं?" आणि चपला हातातच घेऊन निघून गेला.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. भाकरी करपते, जपात आकडा चुकतो. शेवटी परमेश्वराच्या ओसरीवर जाऊन बसले. म्हणलं, "शंभू चढंल, दोर मी धरते."

"काकू, तुमी? आवो, काका न्हाईत आता, रीत हाय काही."

"रझाकारीच्या साली कुणी धरला व्हता?"

"ती येळ येगळी. संकट व्हतं."

"आन् आता काय वरात हाय व्हय? गळ्यात इष्टलिंग घालतोस अन् बाईचं कुंकू मोजतोस? आपल्या लिंगायतांत सुतक नसतं, इटाळ नसतो, मग दोरालाच कसा लागतो रे?"

त्यानं अडकित्ता काढून सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

"लोक मोबाईल वर करून उभे ऱ्हातील. दुसरं काय करतेत?"

त्याची बायको आतून हसली. तेव्हा कुठं म्हणाला, "शंभू येणार असंल तर धरा. मी आडवा येत न्हाई."

म्हणून हे पत्र. माझे हात जिभेइतके चालत नाहीत, पण दोर धरण्यापुरते धड आहेत. बसवंतावरचा राग सोडून ये, असं मी म्हणत नाही. संगं घेऊन ये. दिवा लावून उतरलास की भांड त्याच्याशी पोटभर. त्याचीही सुटका होईल.

नाही आलास तर पाच तारखेला, त्रिपुरी पौर्णिमेला, तोच चढणार. दोर वहिनीच्या हातात असेल आणि मी बाजूला उभी असेन, वर बघत. शंभू, मला तिथं रिकाम्या हातांनी उभी करू नकोस.

तुझी माय,
बसम्मा