लाल रंगातलं ‘आहे’

“आहेऽऽ.” शेवटचा ‘हे’ लांबवलेला, वर चढून मग हलकेच उतरणारा. पत्राची सुरुवात आशीर्वादाने करावी हे शाळेत शिकलो आहे, पण आज आधी हा आवाजच आला, त्याला थांब म्हणवेना. तर आता, चि. धाकटीस (नातवंडांची आजी झालीस तरी मेहुणी ती धाकटीच) भाऊजींचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तिथेच आहेत.

तुझी ताई हा शब्द कसा म्हणायची ते तुला सांगायला नको. बाहेरून आलो की चपला काढता काढता मी “आहेस का?” विचारायचो. आत दिवा लागलेला, भांडी वाजतायत, म्हणजे असणारच की. तरी मी विचारायचो आणि तीही दर वेळी ताजी बातमी असल्यासारखं सांगायची. ती जाऊन आता वर्ष होईल. सवयीने अजून विचारतो. घर काही बोलत नाही. (बोललं असतं तर जास्त घाबरलो असतो, ही गोष्ट वेगळी.)

म्हणून ठरवलं, तिचा चष्मा, सुईदोरा आणि ते एकटं उरलेलं कानातलं ठेवायला एक लाकडी पेटी करायची आणि झाकणावर तो शब्द कोरून घ्यायचा. कोपऱ्यावरच्या सुताराच्या जागी आता एक बाई आहेत. त्यांचं यंत्र लेझरच्या किरणाने लाकूड कापतं. मी जन्मभर किरणांच्या कविता पाठ केल्या, पण किरणाला कामाला लावलेलं पहिल्यांदाच पाहिलं. बाईंनी माप विचारलं. मी म्हटलं, एक वीत आणि चार बोटं. कोणाची वीत, असं त्यांनी अत्यंत शांतपणे विचारलं. मग त्यांच्याच संगणकासमोर बसून मिलिमीटरमध्ये चित्र काढलं.

पहिली पेटी देखणी झाली. चारी भिंतींना दाते, बोटांत बोटं गुंफावीत तसे एकीचे दुसरीत बसलेले. फक्त चष्मा मावेना. चष्म्याचं माप मी पेटीला बाहेरून दिलं होतं. “आजोबा, लाकडालाही जाडी असते,” बाई म्हणाल्या. खरं आहे. कवितेतल्या भिंतींना जाडी नसते, म्हणून तिथे सगळं मावतं.

दुसऱ्या वेळी जाडी धरली आणि झाकणाचं चित्र काढायला बसलो. शाळेत महत्त्वाचा शब्द लाल शाईने लिहायचा असतो, म्हणून ‘आहे’ला लाल रंग दिला. कोणीही देईल. यंत्र फिरलं, धुराचा वास आला, आणि झाकण उचललं तर शब्द खालीच राहिला! झाकणाला ‘आहे’च्या आकाराचं भोक. त्या यंत्राला लाल म्हणजे आरपार कापायचं आणि काळं म्हणजे नुसतं कोरायचं. बाईंनी भिंतीवरची पाटी दाखवली: ‘लाल म्हणजे आरपार’. मी वाचली होती गं. मला वाटलं, सुविचार आहे.

पण शब्द फुटला नाही. काना, मात्रा, सगळे शिरोरेघेला घट्ट धरून एकत्र बाहेर आले. बाई दुसरं झाकण करून देत होत्या, मी नको म्हटलं. पेटी तिथेच सोडली आणि शब्द तेवढा खिशात घालून आणला. जळलेल्या कडांचं काळं सदऱ्याला लागलं. तू असतीस तर ओरडली असतीस. नाही, ताई ओरडली असती. गोंधळ होतो बघ.

बाकी सारे ठीक. ताईचा चष्मा पूर्वीसारखाच माझ्या जुन्या मोज्यात गुंडाळलेला आहे.

तुझे भाऊजी

ता. क. : पेटीचं रामायण हे निमित्त. तुझा आवाज हुबेहूब ताईचा. मागे फोनवर मी तुला तिच्या नावाने हाक मारली आणि पुढे मला बोलवेना, तेव्हापासून तू समजूतदारपणे फक्त लिहून चौकशी करतेस. पण एकदा फोन कर. मी “आहेस का?” विचारीन. तू तो एवढासा शब्द म्हण आणि ठेवून दे.

आणखी ता. क. : वरचा ता. क. वाचू नकोस. म्हाताऱ्याचं काय ऐकायचं! गुडघे शेक.

शेवटचा ता. क. : दार वाजतंय. पेटीवाल्या बाई असतील, असं लिहिणार होतो, पण बाहेरून आवाज येतोय, “भाऊजी, आहात काऽऽ?” वर चढून मग हलकेच उतरणारा. पाकीट अजून चिकटवलंही नाही, आणि तू ते गुडघे घेऊन एवढे जिने चढलीस? आणि हे उलटंच झालं की गं. विचारायचो मी. आता जबाब द्यायची पाळी माझी. थांब, जाऊ नकोस. कडी काढेपर्यंत तो खिशातला शब्द दाराखालच्या फटीतून सरकवतो. जाडी मोजलेली आहे. मावेल.