अहो, सोडा

ती. वन्संना नमस्कार. (साष्टांग घालायला सध्या कंबर राजी नाही, तेव्हा उभ्यानेच पोचवते आहे, मानून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरता की अजून सुनेला धरता? इकडे आम्ही दोघं तशी धडधाकट आहोत. माझ्या तोंडाची चव तेवढी गेली आहे, आणि ती का गेली तेच सांगायला बसले आहे.

तुमच्या बंधुराजांनी चष्म्याचं दुकान बंद केलं हे तुम्हाला माहीतच आहे. त्यानंतरचे महिने कसे गेले हे मी फोनवर कधी बोलले नाही, कारण फोन त्यांच्या खुर्चीशेजारीच असतो. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे चष्मे बघायचे. कुणाची दांडी वाकडी दिसली की यांचा जीव वरखाली. जेवायला हाक मारली तर उठायचे, नाही मारली तर भूक लागल्याचंही सांगायचे नाहीत. मला फार भीती वाटायची, वन्सं. माणूस घरात असूनही घर रिकामं वाटायचं.

अशात एक होडीवाला उगवला. दुकानाचं शेवटचं गिऱ्हाईक तो. समुद्रात जिथे पक्षी घिरट्या घालतात तिथे खाली मोठा मासा असतो म्हणे, आणि त्याला नेमके पक्षीच दिसेनासे झाले होते. यांच्या चष्म्याने ते दिसायला लागले, तेव्हा त्या आनंदात तो यांना म्हणाला, चला मार्लिन धरायला. मार्लिन म्हणजे साधासुधा मासा नव्हे. माणसापेक्षा लांब, पाठ गडद निळी आणि वरचा जबडा भाल्यासारखा पुढे आलेला. (असं तोंड पुढे काढून हिंडणारे आपल्या नात्यातही आहेत, पण ते निदान लग्नकार्यातच भेटतात.)

वन्सं, यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी लग्नानंतर प्रथमच पाहिली. लगेच सराव सुरू. कमरेला पट्टा, पट्ट्यात मासे धरायच्या रॉडचा बुडखा, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला मासा हवा म्हणून मी. मी पदर खोचून स्वयंपाकघरापर्यंत ओढत न्यायचं आणि यांनी रीळ फिरवत मला परत दिवाणखान्यात आणायचं. एकदा दूध उतू जाताना दिसलं म्हणून मी जी धाव ठोकली, त्यात हे खुर्चीसकट दारापर्यंत घसरत आले आणि वर म्हणाले, वा, अगदी अशीच ओढ पाहिजे. दूध गेलं, पण यांना हसताना पाहून मला ओटा पुसायचंही सुचलं नाही.

एकटं पाठवायचा प्रश्नच नव्हता. रक्तदाबाची गोळी वेळेवर कोण देणार? म्हणून मीही गेले. होडी इतकी लहान की तिघांपैकी एकाने शिंकलं तर दोघांनी कुठेतरी धरावं. मागे रंगीत खोटी आमिषं ओढत सावकाश फिरायचं आणि वाट बघायची, एवढंच काम. ते दोघं समुद्र बघत होते आणि मी होडीचा तळ, कारण तेवढंच काय ते माझ्याबरोबर हलत होतं. सकाळचा चहा गेला, मग आदल्या रात्रीचं जेवण गेलं. पुढे देण्यासारखं काही उरलं नाही तरी पोट मागणी करतच राहिलं. मी बरोबर सोड्याची बाटली घेतली होती. ती होडीवाल्याने गार राहावी म्हणून बर्फाच्या खोक्यात, आमिषाच्या माशांखाली ठेवली होती.

आणि तेव्हाच तो आला. रीळ किंचाळायला लागलं, रॉड वाकला, आणि लांबवर पाण्यातून अख्खा मासा उभा बाहेर आला. वन्सं, मला एवढं मळमळत होतं तरी मी पाहिला. इतकं देखणं काही मी पाहिलेलं नाही. हे पाय रोवून उभे, घामाने चिंब, आणि चेहरा कसा, तर दुकान उघडलं त्या सकाळी होता तसा. बराच वेळ ओढाताण चालली. मासा होडीच्या जवळ आला. माझ्या पोटात पुन्हा ढवळून आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मी कसंबसं म्हटलं, "अहो, सोडा."

मी मागत होते पिण्याचा सोडा. पण होडीवाल्यालाही मी अहोच म्हणते, त्यामुळे त्याने आज्ञाधारकपणे सुकाणू सोडलं आणि होडी गर्रकन फिरली. आणि यांनी, वन्सं, एक शब्द न विचारता कात्री उचलली आणि दोरी कापली. मासा गेला. मग हे माझ्याजवळ आले, माझं तोंड पुसलं, आणि योग बघा, आपणहूनच सोड्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली. मी प्यायले आणि रडले. होडीवाल्याला वाटलं, मला माशाची दया आली.

आता रॉड चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला आहे आणि हे पुन्हा खिडकीशी. कुणी विचारलं तर सांगतात, घरातून हुकूम आला, सोडला. मला वाटतं, मी घाबरून नको म्हटलं अशी यांनी समजूत करून घेतली आहे. तसं नव्हतं हे सांगू कोणत्या तोंडाने? जन्मात एकदा आलेला मासा बायकोच्या सोड्यापायी गेला, हे कळलं तर काय वाटेल त्यांना? बाकी क्षेम. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

आपली,
भावजय

ता. क. तुम्ही मोठ्या आहात आणि तुमचा शब्द ते मोडत नाहीत. दोन ओळी लिहून त्यांना पुन्हा जायला सांगाल का? सोड्याचं काही काढू नका. मी बरोबर जाईनच.

ता. क. २. हे पत्र तेच पेटीत टाकणार आहेत, पण पाकीट मी चिकटवून दिलं आहे, तेव्हा काळजी नको.

ताई, पाकीट नीट चिकटलं नव्हतं. (मी जरा मदत केली.) मासा सोडायला सांगायचा असता तर ती 'टाका ते खाली' म्हणाली असती, संसारभर मी तेच ऐकत आलो आहे. सोडा कुठला ते मला तेव्हाच कळलं होतं. रॉड माळ्यावर टाकला तो एवढ्यासाठी की मी निघालो की ही निघणार, आणि हिचा तो हिरवा पडलेला चेहरा मला पुन्हा बघवणार नाही. तेव्हा तू मला जा म्हणून लिहू नकोस, आणि मला ठाऊक आहे हे तिला कळू देऊ नकोस. मासा फार सुंदर होता, ताई. पण एका हाताने बाटलीचं झाकण निघत नाही.