अंड्याचा आळ

सर,

तुम्ही गेल्यापासून कारखान्यात मराठी बोलायला कुणी उरलंच नाही. नवरा इथला, झाशीचाच, हिंदीवाला. मुलीला मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. तेव्हा मधेच हिंदी घुसली तर रागावू नका. किंवा रागवाच. मला आज कुणीतरी रागवायला हवंय. गेल्या आठवड्यात मी भर सभेत तुमच्या उभ्या आयुष्याच्या कामाला काळं फासलं, आणि तेही तुमच्या घरच्यांना, आमच्या काकूंना, दुसऱ्या रांगेत बसवून. काकूंना मीच बोलावलं होतं. गाडीसुद्धा मीच पाठवली होती. लाज वाटते म्हणजे किती वाटावी, सर, चार दिवस आरशासमोर उभं राहून वेणी घातली नाही मी.

झालं असं की आमचा नवा ब्रेकर सगळ्या चाचण्या पार करून बाहेर पडला. तुमच्या वेळी मोठ्या लाइनीचा विजेचा प्रवाह तोडताना जो जाळ उठायचा, तो विझवायला तुम्ही गॅस वापरायचात. यात तो गॅसच नाही. जाळ निर्वात बाटलीत विझतो आणि भोवती नुसती कोरडी, स्वच्छ हवा भरलेली असते. तुम्ही असतात तर आधी म्हणाला असतात, "छे, हवेनं काय होतंय!" आणि मग दोन दिवस त्याच्याभोवती घिरट्या घातल्या असत्यात. डिझाइन माझ्या टीमचं, म्हणून भाषण माझं. मांडव घातलेला, लखनौहून साहेब आलेले, गळ्यात झेंडूचा हार. आणि माझ्या अंगात वारं शिरलं. मी म्हणाले, "पुरानी पीढ़ी ने हवा में ज़हर छोड़ा, हम हवा साफ़ करने आए हैं." टाळ्या पडल्या. टाळ्या वाईट हो सर, एक पडली की दुसरी हवीशी वाटते. मग मी पुढे म्हणाले, जुने ब्रेकर ज्यांनी उघडलेत त्यांना विचारा, आतली ती पांढरी पूड आणि सडक्या अंड्यांची ती दुर्गंधी, कपड्यांना लागली की दिवसभर जायची नाही; आता ते सगळं संपलं. साहेब म्हणाले, "मैडम ने तो कमाल कर दिया." मी हार काढून टेबलावर ठेवला आणि तेव्हा काकूंकडे लक्ष गेलं. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या.

पुरानी पीढ़ी म्हणे! तुम्ही आणि मी, दुसरं कोण होतं तिथे? मी बबीन्याच्या छावणीतल्या हवालदाराची मुलगी, नवी कोरी डिग्री घेऊन आले, तेव्हा पहिल्या दिवशी तुम्ही काचेची मोकळी पेटी आणवलीत आणि तिच्यात गॅस सोडलात. काहीच दिसेना. मग सिगरेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाची होडी करून अलगद आत ठेवलीत, आणि ती होडी अधांतरी तरंगायला लागली. मी "अगं बाई!" म्हणून ओरडले. तुम्ही इतके खूश झालात, जसं काही तो गॅस तुमच्या पोटी जन्मलाय. रंग नाही, वास नाही, पेटत नाही, कुणाला चावत नाही. "गरीब गाय आहे गं," म्हणायचात. ब्रेकर दुरुस्तीला उघडायचा असला की आतला गॅस बाहेर काढावा लागतो. परत भरून घ्यायचं यंत्र तेव्हा आपल्याकडे कायम बिघडलेलं, आणि काम तर थांबवता येत नाही. मी व्हॉल्व्हवर हात ठेवून तुमच्याकडे बघते आहे. तुम्ही मान हलवता, "सोड, जाऊ दे हवेत." मी सोडते. फुस्स करून तो जातो, आणि आपण दोघं चहाला. तो वर जाऊन हजारो वर्षं तिथेच राहतो नि पृथ्वी तापवतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, मलाही नव्हतं. व्हॉल्व्हवर हात मात्र माझा होता. भाषणात मी तो हात तेवढा गाळला.

पण मला खरं सलतंय ते हे नव्हे. तुमची ती गरीब गाय जाळात सापडली की तिची अवलाद दुष्ट निघायची. आतली पांढरी पूड, आणि सडक्या अंड्यांचा तो वास. मला तुम्ही रबरी हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय जवळ फिरकू द्यायचा नाहीत. एकदा मी मास्क गळ्यात लटकवून वाकले, तर सगळ्या फिटरांसमोर खडसावलंत, "छाती बापाच्या घरून दुसरी आणलीयस का?" मला रडू आलं होतं. आणि स्वतः? स्वतः मास्क वर सारून, चष्मा पुसून, मुंडकं आत घालून बघायचात, नोझलचं तोंड कुठे झिजलं ते. जाळावर गॅसची फुंकर घालणारं ते नोझल तुमचं. त्याच्या तोंडाचा आकार बदलायची कल्पना तुमची, आणि त्यावर तुमचा असा जीव, की लोक काय म्हणतील याची शुद्ध नसायची.

आणि घरी काकू. पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहिलेलं तुमचं घर, दिल्लीकडचं कितीही वारं आलं तरी काकूंचं सोवळं हललं नाही. तुम्ही दारात आलात की त्या नाकाला पदर लावायच्या. "आलात अंडी गिळून? तिथेच थांबा." डिसेंबरातली झाशीची थंडी, आणि तुम्ही अंगणातल्या नळाखाली थंड पाण्यानं आंघोळ करताय, कपडे वेगळ्या बादलीत, आणि जेवायला ताट ओसरीवर. स्वयंपाकघरात पाऊल नाही त्या दिवशी. मी फाइल द्यायला आले होते तेव्हा हे पाहिलं. कुडकुडत पिठलंभात खात होतात आणि मला डोळा मारलात. काकूंनी मला आत ओढून विचारलं, "खरं सांग गं, तूच लावलीस ना ही सवय? तुम्ही खाता, ठीक आहे, तुमच्यात चालतं. ह्यांना कशाला?" मी काय सांगणार! आमच्या बबीन्याच्या घरी अंड्यांचा वास आला म्हणजे रविवार. दुसऱ्या दिवशी मी तुमच्याशी भांडले, की काकूंना खरं का सांगत नाही? तुम्ही म्हणालात, "वेडी आहेस. तो वास कसला ते कळलं तर ती मला उद्या कामावर सोडेल? अंड्याचा आळ परवडला." वर मलाच शपथ घातलीत, आणि मी ती पाळली, तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा. हृदयाचं निमित्त झालं, झोपेतच गेलात, काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, मी त्यांच्याजवळ बसून होते आणि तोंडातून ब्र काढला नाही. ते मी गेल्या आठवड्यात माइकवर बोलले. टाळ्यांसाठी.

कार्यक्रम संपल्यावर समोशांच्या टेबलापाशी काकूंनी माझं मनगट धरलं. "तो वास अंड्यांचा नव्हता?" एवढंच. मी काय करावं? म्हणाले, "काकू, साहेब वाट बघतायत, मी येते ना घरी," आणि पळाले. ड्रायव्हरला म्हटलं, भैया, माताजींना नीट घरी सोडा. कणा म्हणून नाही मला.

काल रविवारी गेले. प्रेमनगरच्या घरात त्या आता एकट्याच असतात. दार उघडंच होतं. ओसरीवर तुमचं ते जुनं ताट, वेगळं ठेवलेलं, घासून उन्हात पालथं घातलेलं. काकू चुलीशी नाही, देवापाशी नाही, नुसत्या पाटावर बसलेल्या. पाणीसुद्धा न विचारता म्हणाल्या, "मी त्यांना कुत्र्यासारखं बाहेर वाढलं गं. विषातून येत होते आणि मी थंड पाण्याखाली उभं केलं. एकदाही उलटून बोलले नाहीत." मी सांगितलं, खरं तेच सांगितलं, की गॅस विषारी नव्हता, पूड वाईट होती, आणि तिच्यावर उपाय म्हणजे भरपूर पाणी, कपडे वेगळे, तसंच स्वयंपाकघरात न जाणं. कारखान्यानं जे करायला हवं होतं ते तुमच्या सोवळ्यानं केलं, काकू. डॉक्टरांनी हृदय सांगितलं होतं, याचा त्याच्याशी संबंध नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मान हलवली. डोळ्यांचं पाणी काही थांबेना. "ते असू दे," म्हणाल्या, "पण मी त्यांच्यावर आळ घेतला. जन्मभर. त्यांनी काही न खाता."

तेव्हा मला काय झालं कोण जाणे. मी म्हणाले, "काही न खाता कशाला? खायचे की."

काकूंनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला. "काय?"

"मोठ गावी सबस्टेशनचं काम असलं की. कानपूर रोडवरच्या ढाब्यावर. दोन अंड्यांचं आम्लेट, वर हिरवी मिरची. मला शपथ घातली होती."

क्षणभर वाटलं, आता थोबाडीत बसते. मग काकू हसायला लागल्या, सर. अशा हसल्या की ठसका लागला आणि मला पाठ चोळावी लागली. "मला माहीत होतं! मेला लबाड! मी म्हणत नव्हते? आणि तूच बसलेली असशील समोर!" मी म्हटलं, हो, मीच. "तरी म्हणते वास कसा खोटा असेल," म्हणत उठल्या, डोळे पुसले आणि माझ्यासाठी थालीपीठ लावलं. ओसरीवरचं ते ताट आत आणलं त्यांनी, आणि मला त्यातच वाढलं.

हे पत्र कुठे टाकू? काकूंच्या पत्त्यावर तर नाहीच. घडी घालून कपाटात साडीखाली ठेवीन, झालं. मोठच्या त्या ढाब्यावर तुम्ही माझ्याकडे पाठ करून, खाट दुसऱ्या तोंडाला फिरवून, काकूंच्या डब्यातली पोळी आणि दही खात बसायचात, वास सहन होत नाही म्हणून. आम्लेट माझं होतं, सर.