केबल बदलून पाहिली

ताई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी मजेत आहे. खोली लहान असली तरी उबदार आहे, जेवण वेळेवर होतं, उगाच काळजी करत बसू नकोस. तुझा गुडघा काय म्हणतो?

फोनवर बाबा तुझ्या शेजारीच असतात, म्हणून हे लिहून कळवतोय. रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्याकडे बघून त्यांनी "हे गृहस्थ कोण?" असं विचारलं, तेव्हा मी काय केलं सांगू? टेबलाखाली शिरून केबल बदलली. मग राऊटर बंद करून पुन्हा चालू केला. तू तिकडे हॅलो हॅलो करत बसलीस.

आमच्या कामाची रीतच ती. नेटवर्कचे थर असतात, एकावर एक. सगळ्यात खाली तार, तिच्यावर पत्ता, त्यावर पोच आणि सगळ्यात वर प्रत्यक्ष बोलणं. वरचा थर खालच्याच्या जिवावर चालतो, म्हणून बिघाड खालून वर शोधत जायचा. मी तसाच गेलो. तार ठीक, पत्ता बरोबर, चित्र स्वच्छ. माझा शब्दन् शब्द बाबांच्या कानापर्यंत पोचत होता. त्याच्या पुढे आमची अवजारं चालत नाहीत.

बाबांच्या विसरण्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा सांगू नकोस. मला कळलंय.

एवढंच कर. येत्या रविवारी "बाबा, धाकट्याचा फोन आहे" असं त्यांना आधी सांगू नकोस. मी कोण, ते विचारू दे त्यांना. तेवढंच बोलणं उरलंय आमचं.

तुझा,
धाकटा