विहिरीतलं पाणी

बाबा, आज तुम्ही असता तर माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नसता.

व्यापारी बाग पाहायला यायचा त्या दिवसाचं तुमचं नाटक मला अजून दिसतं. संत्री झाडावर असतानाच अख्ख्या बागेचा सौदा व्हायचा. विहीर आटली हे त्याला कळलं की झालं कल्याण! झाडं फळं गाळायच्या आत तो म्हणेल त्या भावाला बाग द्यावी लागायची. म्हणून तुम्ही आधीपासून पाणी साठू द्यायचे आणि तो फाटकात आला की मोटर सुरू. एकदा मी, एवढीशी, त्याच्यासमोर बोलून जाते, "आता मोटर बंद होईल, पाणी एवढंच आहे." तुम्ही हसून त्याला चहा पाजता आणि तो गेल्यावर माझा कान धरता. "काहून सांगतलं वं? विहिरीचं पाणी म्हंजे घरातली गोष्ट."

आता नागपुरात एसीत बसून मी तीच घरातली गोष्ट बाहेर सांगते. बागायतदार आमच्या ॲपमध्ये विहिरीचं पाणी, फवारणी, फळांचे फोटो भरतात. त्यात उपग्रहाची चित्रं, हवामान, बाजारभाव मिसळून आम्ही त्यांना सल्ला देतो. सल्ला चांगला असतो, गावी आपल्या शेजारच्या काकांची झाडं त्यानेच रोगातून वाचली. पण यंदा कंपनीने व्यापाऱ्यांनाही नकाशा विकला, कुठली बाग कधी तहानेल त्याचा. तो नकाशा मी बनवला, आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली.

परवा काका कामासाठी इथे नागपुरात, लकडगंजात आले होते, तिथून माझ्याकडे आले. "व्यापारी गाडीतून उतरलाच नाही वं. मी मोटर चालू ठेवली, तर मोबाईल पाहून हसून राहिला. पडत्या भावात द्यावी लागली बाग. त्याले कसं समजलं?"

"सॅटेलाइटवरून सगळंच दिसते, काका," मी म्हणाले. तोंड जळो माझं! विहिरीचा तळ काय आभाळातून दिसतो? तुमची पोरगी सांगते म्हणून ते पाणी रोज त्यांनीच ॲपमध्ये भरलं होतं. काकांनी मान हलवली, पोह्यांची बशी पुढे ओढली आणि म्हणाले, "आपली पोरगी तिथं हाये, हे बरं हाये."

आज सकाळीही त्यांनी ॲपमध्ये पाणी भरलंय, मला दिसलं. "नका भरू" एवढंच कळवायचं होतं. पण ते "काहून?" विचारतील. तुम्ही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला एवढं लांबलचक लिहीत बसले. काकांचा नंबर माझ्याकडे आहे, बाबा.