बटणांची बरणी

४ ऑगस्ट

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे गुडघे बरे आहेत हे वाचून हायसं वाटलं. इकडे शिवणाचं काम भरपूर आहे, पण भिंगरीने जीव नकोसा केलाय. सहा वर्षांची घोडी झाली, तरी रडू नाकावर. काल गिऱ्हाईक बाई मापाला उभ्या, माझ्या तोंडात टाचण्या, आणि हिने भोकाड पसरलं. कारण काय, तर पेन्सिलीचं टोक मोडलं! बाई पुन्हा येते म्हणून गेल्या त्या गेल्याच. यांची रात्रपाळी, दिवसा झोप हवी. हात उगारायचा नाही असं मी ठरवलंय. तुझ्या सहा फुटी छोटूचं कधी हूं की चूं ऐकलं नाही. काय केलंस ते सांग ना.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

११ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

अगं, मारझोड हवीय कशाला? काचेची बरणी घे. पोर रडली नाही की संध्याकाळी एक बटण टाक, रडली की एक काढ. पुरेशी जमली की त्याच बटणांचा फ्रॉक शिवून दे. छोटूसाठी मी गोट्या वापरल्या होत्या. पोरगं महिन्याभरात असं शहाणं झालं की शेजारणी बघायला यायच्या. शिवणारणीच्या घरी बटणांना काय तोटा!

आशीर्वाद आहेतच, पत्र मात्र धाडत जा.
ताई

२० सप्टेंबर

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या तोंडात साखर पडो! तेहतीस दिवस, तेहतीस बटणं, एकही काढावं लागलं नाही. गिऱ्हाइकं विचारतात, घरात मूल आहे की नाही? कालपासून बाईसाहेब डाव्या हाताने जेवतायत. काहीतरी नवा खेळ असेल.

अशीच पाठीशी राहा.
तुझी धाकटी

२४ सप्टेंबर

ताई,

तो खेळ नव्हता. माझ्या मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली होती, नखासकट. अस्तराची चिंधी गुंडाळून पोर तीन दिवस गप्प बसली. तापाने फणफणली तेव्हा मी चिंधी सोडली. आत पू झाला होता. डॉक्टर म्हणाले, बोट वाचेल. पू काढताना तिने ओठ चावून रक्त काढलं, पण रडली नाही. बाहेर आल्यावर विचारलं एवढंच, की आजचं बटण मिळेल ना.

ताई, छोटूला तू नंतर बोलतं कसं केलंस? लगेच कळव.

धाकटी

१ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र चारदा वाचलं. बोलतं केलं नाही गं. छोटूच्या पत्रात दोनच शब्द असतात, सर्व ठीक. गेल्या वर्षी तो महिनाभर इस्पितळात होता. तो खोलीवर परतल्यावर त्याच्या घरमालकिणीने मला कळवलं. तुला सांगायची लाज वाटली. आणि तरी तुला बरणी सुचवली, म्हणजे बघ.

तिच्यापाशी बसत जा. मला याहून काही सुचत नाही.

वर आशीर्वाद लिहायलाही हात धजत नव्हता.
ताई

९ ऑक्टोबर

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बरणी तिच्यासमोर रिकामी केली. रडलीस तरी फ्रॉक तुझाच, म्हणून सांगितलं. तिने शहाण्यासारखी मान हलवली. फ्रॉक शिवला, जमलेली सगळी बटणं लावली. रोज तिच्यापाशी बसते, दुखतंय का विचारते. उत्तर एकच, काही नाही.

काल मशीनवर डोकं टेकून मीच रडले. भिंगरीने दार लोटून घेतलं, पट्टीच्या हाताने माझे डोळे पुसले. मग फ्रॉकचं एक बटण दातांनी तोडून माझ्या मुठीत ठेवलं आणि हळूच सांगितलं, की तू रडलीस म्हणून तुझं एक जाईल ना, तर हे माझ्यातलं घे, मी कुणाला सांगणार नाही.

ताई, माझ्यावर रागवायचं तर रागव, रडायचं तर रड. पण सर्व ठीक असं मला कधी लिहू नकोस.

तुझी धाकटी