कासव उठेपर्यंत

३ एप्रिल

पानं पिवळी पडायला लागली! परवापर्यंत वेल कशी तरारलेली होती, खिडकीच्या गजांवरून चढून पार पडद्याच्या दांडीपर्यंत पोचली होती. मी घाबरून आत्याला हाक मारली. ती शांत. "झोपायला निघालंय ते. पाणी बंद कर. आता ऑक्टोबरपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नकोस."

ऑक्टोबर! भर उन्हाळ्यात रोपाला पाणी द्यायचं नाही म्हणजे काय — पण आत्याशी वाद कोण घालणार.

गेल्या वर्षी ती आमच्याकडे कायमची राहायला आली ती दोन बॅगा आणि ही कुंडी घेऊन. बॅगा नवऱ्याच्या हातात दिल्या, कुंडी मांडीवरून खाली ठेवली नाही. कुंडीत हा एवढा गड्डा, वरून हुबेहूब कासवाची पाठ. म्हणून नाव कासव. नवरा त्याला बटाटा म्हणतो. म्हणाला की त्या दिवशी आत्या त्याच्याशी बोलत नाही.

९ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेलाच आहे, उजव्याची नजर कडेकडेने आत आत मिटत चाललीय. "गेलेली परत येणार नाही, आहे ती टिकवायची. थेंब चुकवू नका," असं म्हणाले. आत्याने एकच विचारलं — "ऑक्टोबरपर्यंत टिकेल?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली हिने. तिच्या नजरेतून एक काना सुटायचा नाही, आणि तिलाच हे व्हावं. मला इतका राग आला, की कोणावर काढावा तेच कळेना. रिक्षावाल्यावर काढला.

घरी येताना म्हणाली, "बाकी सगळं बघून झालंय माझं. यंदाचा कोंब तेवढा बघायचाय."

२४ एप्रिल

वेल पूर्ण वाळली. हात लावला तर सुटून आली, जराही ओढावं लागलं नाही. आता उरला नुसता गड्डा.

खरं सांगायचं तर मी आजवर त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. आज आत्याने पाहायला लावलं. "काय दिसतं सांग."

म्हटलं, "छान दिसतंय."

"छान म्हणजे काय? तो शब्द खोडून टाक. जे आहे ते सांग."

मग बसले सांगत. लाकडासारखे कठीण टवके, प्रत्येक पाचसहा कोनांचा, आणि टवक्याटवक्यांत बोट जाईल एवढ्या खोल भेगा. प्रत्येक टवक्यावर एकात एक रेषा, बाहेरची फिकट, आतली गडद. मधला उंचवटा गुळगुळीत, हाताळून हाताळून झाल्यासारखा. आणि भेगांच्या अगदी तळाशी, जिथे उजेड जेमतेम पोचतो, तिथे मऊ पिवळसर रंग. हे सगळं माझ्या घरात वर्षभर पडून होतं आणि मी त्याच्या आजूबाजूची धूळ पुसत होते!

आत्या ऐकता ऐकता एकेका टवक्यावरून बोट फिरवत होती. म्हणाली, "हं. आता जमलं."

१५ मे

काही नाही. दगड.

६ जून

आज माझ्या हातून व्हायचं ते झालं. उकाडा असा, की भिंतीला हात लावला तरी चटका बसावा. कामावरून आले, आधी स्वतः तांब्याभर पाणी प्यायले, आणि समोर ते बिचारं कोरडं ठणठणीत. तांब्यात उरलेलं सगळं त्याच्या मुळाशी ओतलं. ओतताना इतकं बरं वाटलं!

मग आत्याचा शब्द आठवला. झोपेत त्याला पाणी पचत नाही, आतून कुजतं, आणि बाहेरून कळतसुद्धा नाही. कुंडी उलटीपालटी केली, टिपकागद खुपसले, पंख्याखाली ठेवली. नवरा म्हणाला, "बटाट्याला केस वाळवायचं यंत्र लावू का?" त्याच्यावर ओरडले. आत्याला काही सांगितलेलं नाही.

१० जून

डाव्या बाजूचा एक टवका दाबला की आत जातोय असं वाटतं. जात नसेलही. दिवसातून दहादा दाबून मीच तो ढिला केला असेल. जेवण जात नाही. कुजलं असेल तर तिला काय तोंड दाखवू?

१२ जून

मी रोज माणसांची हाडं बघते. आत काय चाललंय हे बाहेरून कळत नसेल तर काय करायचं हे मला नाही तर कोणाला माहीत असणार! कुंडी पिशवीतून दवाखान्यात नेली. शेवटचा पेशंट गेला, दार लावलं, कासवाला टेबलावर ठेवलं आणि घोट्याला देतो तेवढा डोस देऊन एक्स-रे काढला. मशीन नावाशिवाय पुढे जात नाही, म्हणून नाव टाकलं — कासवराव. वय तीस. "श्वास रोखा" हे सवयीने तोंडातून गेलंच.

पडद्यावर चित्र आलं आणि मी बघतच राहिले. आतून एकसारखं, भरीव, पिठाच्या गोळ्यासारखं. वर टवक्यांच्या सावल्या एकावर एक. इतकं देखणं चित्र या मशीनवर आजवर आलं नसेल. काळी पोकळी कुठे दिसली नाही — मला तरी. पण मी फोटो काढणारी, वाचणारी नाही.

१३ जून

गेली माझी नोकरी! असं सकाळी वाटलं. काढलेला प्रत्येक फोटो आपोआप मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या यादीत जातो हे मी, बारा गावचं पाणी प्यायलेली, काल साफ विसरले. बाईंनी बोलावलं. समोर कासवराव.

"हा अवयव कोणता?"

सांगितलं सगळं. आत्या, डोळे, ऑक्टोबर, तांब्या. सांगता सांगता रडायलाच आलं, शोभा झाली. बाई चष्मा वर करून कितीतरी वेळ फोटो बघत होत्या. मग इतरांचा लिहितात तसा रिपोर्ट लिहिला आणि कागद माझ्या हातात दिला — "पोकळी नाही. पाणी साचल्याची खूण नाही. रुग्णास पूर्ण विश्रांती द्यावी. नातेवाइकांनी त्रास देऊ नये."

पुन्हा असं केलंस तर बघ, असंही म्हणाल्या. पण हसत होत्या.

घरी येऊन आत्याला सगळं कबूल केलं. ती इतकी हसली की खोकला लागला. रिपोर्ट मला दोनदा वाचायला लावला. "तुमच्या बाईंचं लिहिणं नेटकं आहे हो. एक शब्द जास्त नाही."

१९ जुलै

याच्या धीराला माझा सलाम. बस पाच मिनिटं उशिरा आली तर मी थांब्यावर येरझाऱ्या घालते. हा पाणी नाही, पान नाही, काही नाही, नुसता बसून आहे. आणि आत सगळं शाबूत. ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

आत्याही त्याच्याजवळ तशीच बसते. दिवा लावायलाही उठत नाही हल्ली. मी खोलीत गेले तर अंधारात बसलेली, हात कासवावर. मी बटण दाबलं. म्हणाली, "कशाला उगाच वीज जाळतेस."

८ ऑगस्ट

नवऱ्यात फरक पडलाय! आज वाऱ्याने पाणी खिडकीतून आत यायला लागलं, तर हातातला फोन टाकून धावला आणि कुंडी उचलून आतल्या स्टुलावर ठेवली. वर मलाच — "त्याला आत्ता भिजवायचं नसतं, माहीत नाही का?" आत्या म्हणाली, "जावई सुधारले."

२ सप्टेंबर

आत्याने वर्तमानपत्र बंद करायला सांगितलं. "त्याच त्याच चुका करतात मेले, वाचून कंटाळा आला." तिच्या तोंडून हे ऐकून गंमत वाटली. चुका काढणं हाच तर तिचा आनंद!

त्याऐवजी आता रोज संध्याकाळी कासवाची हजेरी असते. मी खाली बसते, बघते, सांगते. ती प्रश्न विचारून भंडावून सोडते. काल म्हणाले की मधला टवका तपकिरी आहे, तर म्हणे कोणता तपकिरी? चहाचा की चपलेचा? मी पुन्हा जाऊन बघितलं. चहाचा. आणि खरंच, आधी तो रंग मला वेगळा असा दिसलाच नव्हता. हिच्यामुळे मला आता रस्त्यावरच्या झाडांच्या सालीसुद्धा दिसायला लागल्यात. शाळेत कोणी असं शिकवलं असतं तर मीही कोणीतरी झाले असते.

२३ सप्टेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायची तारीख होती. आत्या ऐकेना. "कोंब येऊ दे, मग जाऊ. तिथे दिवस मोडतो आणि त्याच दिवशी नेमका यायचा." मला ते पटलंसुद्धा. थेंब मात्र मी स्वतः घालते, एकही चुकवलेला नाही.

४ ऑक्टोबर

काही नाही.

११ ऑक्टोबर

काहीच नाही. नवरा पण आता कामावरून आल्या आल्या आधी खिडकीशी जातो. हवा पालटलीय, सकाळी गार वाटतं, मग आता याला आणखी काय हवंय? आत्या म्हणते, "घाई करून कोणी लवकर उठतं का? तू उठायचीस?"

पण मला घाई आहे. तिची नजर रोज थोडी थोडी जात असणार, आणि हा लोळत पडलाय.

१९ ऑक्टोबर

आला! आला!

दोन टवक्यांच्या मधल्या भेगेतून, भाताच्या दाण्याएवढा. आधी वाटलं धागा अडकलाय. फुंकर मारली, हलला नाही. मी ओरडलेच. नवरा अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आला आणि चक्क म्हणाला, "शाब्बास, कासवराव."

आत्याला हाताला धरून खिडकीशी नेलं. ती वाकली. किती वेळ वाकून होती. मग म्हणाली, "आता तू सांग. बघू तुला काय काय दिसतं."

सांगितलं. टोक तांबूस, खाली येता येता पोपटी. दांडा सुईपेक्षा किंचित जाड. टोकाशी एक पान, अजून घडी न उलगडलेलं. आणि मान जराशी काचेकडे कललेली. तिने एकही प्रश्न विचारला नाही, एकही शब्द खोडला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तिच्या. माझ्याही. मला जवळ ओढून म्हणाली, "बघितलं गं बाई. बघून झालं."

वेळेत झालं! एवढ्या वर्षांत तिने माझ्यासाठी किती केलं, आणि मला तिच्यासाठी एक गोष्ट करता आली. आज मला कोणी काही मागितलं असतं तर देऊन टाकलं असतं. परवा डॉक्टरांची वेळ घेतलीय.

२१ ऑक्टोबर

कोंबानंतरचं पहिलं पाणी द्यायला सकाळी कुंडी न्हाणीघरात नेली होती, तळ बादलीत बुडवून ठेवला. निथळती कुंडी घेऊन परत आले तर आत्या खिडकीशी वाकून उभी. माझी पावलं ऐकून, वळून न बघता म्हणाली, "ये, बघ तरी. टोक कसं तांबूस आहे. आणि मान काचेकडे कललीय जराशी."

खिडकीत काही नव्हतं.

मी कुंडी पोटाशी धरून दारातच उभी राहिले. म्हटलं, "हो गं आत्या. दिसतंय मला."